संगणकातील दप्तर : आधी ठिकाण, मग आज्ञा

(शासकीय कर्मचारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या संगणक-प्रशिक्षण वर्गातील भाषणाचा मजकूर)

कचेरीत नव्याने रुजू झालेल्या कारकुनाला पहिल्या दिवशी कोणी टिपणी लिहावयास बसवीत नाही. त्याला आधी दप्तर दाखविले जाते. कोणते कपाट कोणत्या शाखेचे, चालू प्रकरणे कोणत्या खणात, प्रतीक्षाधीन कोणत्या, अभिलेख कक्षात पाठवावयाचे गठ्ठे कोठे बांधून ठेवले आहेत आणि स्थायी आदेशांची संचिका कोणाच्या हाताशी असते, हे कळल्यावाचून त्याच्या हाती कागद देण्यात अर्थ नसतो. सहा गठ्ठे पद्धत महाराष्ट्रातील कार्यालयांत रुजली ती याच जाणिवेतून. कागद सापडला नाही तर तो असून नसल्यासारखाच, हे दप्तरात वावरलेल्या कोणासही सांगावे लागत नाही.

याच कारकुनापुढे संगणक येतो तेव्हा मात्र ही दप्तर-ओळख कोणी करून देत नाही. त्याला टंकलेखन शिकवितात, तक्ते भरावयास शिकवितात, छापील प्रत काढावयास शिकवितात. फाइल कोठे ठेवली, असे विचारले की तो पडद्यावरील एका चित्राकडे बोट दाखवितो. ते चित्र दिसेनासे झाले की फाइल हरवली! मग तीच यादी पुन्हा तयार होते. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’ आणि ‘अंतिम नवीन दुरुस्त’ अशा नावांच्या तीन प्रती साठतात, आणि त्यांतील कोणती प्रत तालुक्याला गेली हे तयार करणाऱ्यालाही सांगता येत नाही. लाभार्थ्यांच्या यादीच्या बाबतीत असे घडले, तर एखाद्याचे नाव गळते आणि त्याला त्याचे कारणही कळत नाही. दप्तराचा हा प्रश्न यंत्राच्या वेगाने सुटत नाही. किंबहुना तो अधिक वेगाने वाढतो.

या दृष्टीने आज्ञा-ओळीवरून, म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘कमांड लाइन’ म्हणतात त्या पद्धतीने, फायली हाताळावयास शिकणे उपयोगाचे ठरते. येथे चित्रे नसतात. पडद्यावर एक खूण लुकलुकत असते. तिच्यापुढे शब्द टंकित करावयाचा, एंटरची कळ दाबावयाची आणि उत्तर वाचावयाचे. प्रथमदर्शनी ही पद्धत रुक्ष वाटते, आणि ती रुक्ष आहेच. परंतु चित्रांच्या पडद्यावर जे झाकलेले राहते ते येथे उघडे पडते. फाइल कोठे आहे हे माहीत नसेल तर येथे एक पाऊलही पुढे टाकता येत नाही, आणि म्हणूनच ते माहीत करून घ्यावे लागते.

फायली एका ढिगात न ठेवता कप्प्यात कप्पा, त्या कप्प्यात आणखी कप्पा अशा रीतीने ठेवण्याची कल्पना अमेरिकेत ‘मल्टिक्स’ नावाच्या प्रणालीसाठी १९६५ च्या सुमारास मांडली गेली. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, बेल प्रयोगशाळा आणि जनरल इलेक्ट्रिक यांचे ते संयुक्त काम होते. बेल प्रयोगशाळेने १९६९ मध्ये त्यातून अंग काढून घेतले. त्याच वर्षी तेथील केन थॉम्पसन यांनी पीडीपी-७ या बाजूला पडलेल्या लहानशा यंत्रावर नवी प्रणाली उभी करण्यास आरंभ केला. डेनिस रिची त्यांचे सहकारी होते. तीच पुढे ‘युनिक्स’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवॉल्ड्स या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’चा आरंभ केला तो याच वळणावर. आज कार्यालयांना सेवा पुरविणारे असंख्य सर्व्हर आणि शाळांतील कितीतरी संगणक लिनक्सवर चालतात. म्हणून या भाषणातील आज्ञा त्याच घराण्यातील घेतल्या आहेत.

ज्येष्ठ कर्मचाऱ्यांपैकी काहींनी एमएस-डॉसच्या काळात काळ्या पडद्यावर काम केलेले असेल. १९८१ साली आलेल्या पहिल्या डॉसमध्ये आतले कप्पे नव्हतेच. ते १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीबरोबर आले. तेथे तिरपी रेघ डावीकडे कललेली असे, येथे ती उजवीकडे कललेली असते. एवढा फरक ध्यानी ठेवला तर जुनी सवय वाया जात नाही.

संगणकाच्या भाषेत कप्प्याला ‘डिरेक्टरी’ म्हणतात. सर्वांत वरची डिरेक्टरी एकच. ती नुसत्या तिरप्या रेघेने दाखवितात. तिच्या पोटात ‘होम’, होमच्या पोटात प्रत्येक वापरणाऱ्याची स्वतःची डिरेक्टरी, आणि तिच्या आत त्याने केलेली रचना. /होम/ग्रामसेवक/घरपट्टी/यादी असा पत्ता लिहिला की ती यादी कोठे आहे याविषयी शंका उरत नाही. जिल्हा, तालुका, गाव, घर अशा क्रमाने लिहिलेल्या पत्त्यासारखाच हा पत्ता. टपालावर तो आपण उलट क्रमाने लिहितो, इतकेच.

आता पहिली आज्ञा. तिचे नाव ऐकून येथे अनेकांना हसू येईल. तिला ‘पीडब्ल्यूडी’ म्हणतात. बांधकाम खात्याशी तिचा काही संबंध नाही. ‘चालू डिरेक्टरी छापून दाखव’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे आहेत. (या आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांतच टंकित करावयाच्या असतात, येथे केवळ उच्चार दिले आहेत.) ही आज्ञा दिली की संगणक, माणूस या क्षणी कोणत्या डिरेक्टरीत उभा आहे, त्याचा पूर्ण पत्ता सांगतो. ‘उभा आहे’ हा शब्दप्रयोग येथे अगदी नेमका लागू पडतो. आज्ञा-ओळीवर काम करणारा प्रत्येक जण सदैव कोठे तरी उभा असतो. ज्या फाइलचा पूर्ण पत्ता दिलेला नाही, तिचा शोध संगणक तो उभा असेल त्याच ठिकाणी घेतो. कारकून शाळा विभागाच्या कपाटापुढे उभा राहून ‘तिसरा गठ्ठा जाळून टाका’ म्हणाला तर शाळेचा गठ्ठा जळेल, आरोग्य विभागापुढे उभा राहून म्हणाला तर आरोग्याचा. आज्ञा तीच. अनर्थ मात्र वेगवेगळे.

दुसरी आज्ञा ‘एलएस’. ती त्या डिरेक्टरीत काय काय आहे त्याची यादी देते. तिच्यापुढे आडवी रेघ व एल हे अक्षर लिहिले की प्रत्येक फाइलची मालकी, आकार आणि शेवटचा बदल केव्हा झाला ती वेळही दिसते. तिसरी ‘सीडी’, ती एका डिरेक्टरीतून दुसरीत नेते. सीडीनंतर दोन टिंबे दिली की एक पायरी वर जाता येते. काहीच न दिल्यास माणूस थेट स्वतःच्या घरच्या डिरेक्टरीत परततो. या तीन आज्ञांनी कोणत्याही फाइलचे काहीही बिघडत नाही. म्हणून वर्गातील पहिला संपूर्ण तास यांच्यावरच घालवावा. शिकणाऱ्याला संगणकात मनसोक्त भटकू द्यावे आणि मधूनच विचारावे, ‘आता तुम्ही कोठे आहात?’ उत्तर पीडब्ल्यूडी न देता आले तर त्याची पायवाट पक्की झाली असे समजावे.

सीडी ही आज्ञा एकेकाळी तिच्या निर्मात्यांनाही कोड्यात टाकून गेली होती. तो प्रसंग रिची यांनी लिहून ठेवला आहे. आरंभीच्या युनिक्समध्ये तिचे नाव अधिक लांब, ‘सीएचडीआयआर’ असे होते. पीडीपी-७ वर प्रत्येक टर्मिनलामागे एकच प्रक्रिया असे तोवर सारे सुरळीत होते. पुढे प्रत्येक आज्ञा पार पाडण्यासाठी एक स्वतंत्र प्रक्रिया निर्माण करण्याची सोय झाली, आणि जागा बदलण्याची ही आज्ञा एकाएकी चालेनाशी झाली. पुष्कळ शोधाशोध केल्यावर कारण उमगले. आज्ञा अगदी बरोबर पाळली जात होती. परंतु ती पाळण्यासाठी नेमलेली प्रक्रिया स्वतः त्या डिरेक्टरीत जाई आणि तेथेच संपे. शिपायाला अभिलेख कक्षात पाठवावे, तो तेथे योग्य रॅकपुढे जाऊन उभा राहावा आणि तेथूनच घरी निघून जावा, तसे. साहेब आपल्या खुर्चीत होते तेथेच! अखेरीस ही एक आज्ञा, आज्ञा वाचणाऱ्या मूळ प्रक्रियेने, म्हणजे ‘शेल’ने, स्वतःच पाळावी अशी व्यवस्था करावी लागली. ती आजही तशीच आहे. कोठे उभे राहावयाचे हे काम दुसऱ्यावर सोपविता येत नाही.

नावे इतकी आखूड का, असा प्रश्न प्रत्येक वर्गात निघतो. त्या काळी पडदे सर्रास नव्हते. टेलिटाइप नावाचे टंकयंत्र संगणकाला जोडलेले असे. त्याचे प्रसिद्ध मॉडेल ३३ सेकंदाला दहा अक्षरे छापी, तेही कागदाच्या गुंडाळीवर आणि जड कळांनी. अशा यंत्रावर दोन अक्षरांत काम भागत असेल तर पाच कोण बडवील? याच काटकसरीचा आणखी एक वारसा म्हणजे यंत्राचे मौन. काम नीट झाले तर या आज्ञा बहुधा काहीच बोलत नाहीत. बिघडले तरच बोलतात. नवशिक्याला हे मौन घाबरविते. सवय झाल्यावर ते कार्यक्षम अव्वल कारकुनाच्या मौनासारखे वाटू लागते.

नवी डिरेक्टरी तयार करणारी आज्ञा ‘एमकेडीआयआर’. येथे शिकणाऱ्याने आपल्याच कार्यालयाची किंवा शाळेची रचना उभी करावी. पुस्तकातील उदाहरणे घेऊ नयेत. शिक्षकाने इयत्तांच्या डिरेक्टऱ्या कराव्यात, ग्रामपंचायतीने घरपट्टी, पाणीपट्टी, ठराव, दाखले यांच्या. हे करताना एक विचार आपोआप करावा लागतो. आधी वर्ष आणि त्याच्या पोटात विषय, की आधी विषय आणि त्याच्या पोटात वर्ष? दोन्ही चालतात, मिसळले तर काहीच चालत नाही. मात्र ज्या कार्यालयात अभिलेखांचे वर्गीकरण करून काही कायम जपावयाचे व काही मुदतीनंतर नष्ट करावयाचे असतात, तेथे मुदतीचा कागद आणि कायमचा कागद एकाच डिरेक्टरीत ठेवू नये. नष्ट करण्याची वेळ येईल तेव्हा याचे महत्त्व कळेल.

फाइलला नाव देण्याविषयी दोन शब्द सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण मराठी माणसाच्या अडचणी येथे थोड्या निराळ्या आहेत. तारीख नावात घालावयाची असेल तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा. २०२४-०४-०१ असे लिहिले की एलएसच्या यादीत फायली आपोआप कालक्रमाने लागतात. ०१-०४-२०२४ असे लिहिले तर सर्व वर्षांतील सर्व महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात आणि क्रम विस्कटतो. नावात मोकळी जागा सोडू नये; कारण आज्ञा-ओळीवर मोकळी जागा म्हणजे एक नाव संपून दुसरे सुरू झाले. ‘पाणी पट्टी’ ही एक फाइल, असे लिहिणाऱ्याला वाटते. संगणक ‘पाणी’ नावाची एक आणि ‘पट्टी’ नावाची दुसरी अशा दोन फायली शोधू लागतो. मध्ये आडवी रेघ घालावी, म्हणजे प्रश्न मिटतो.

नावे देवनागरीत देता येतात का? निश्चित येतात. याचे श्रेयही पुन्हा थॉम्पसन यांच्याकडेच जाते. १९९२ च्या सप्टेंबरात त्यांनी आणि रॉब पाइक यांनी ‘यूटीएफ-८’ नावाची अक्षरे साठविण्याची पद्धत आखली. तिच्यामुळे जुन्या इंग्रजी फायलींना धक्का न लावता जगातील सर्व लिप्या त्याच चौकटीत बसू शकल्या. तथापि या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘ग्रामपंचायत’ या शब्दाची अकरा चिन्हे, म्हणजे तेहतीस बाइट झाले. लिनक्सवर सामान्यतः फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. म्हणजे देवनागरीत पंचाऐंशी चिन्हे. शासकीय पत्राचा ‘विषय’ जशाच्या तसा फाइलचे नाव म्हणून देण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची गाडी या मर्यादेवर बरेचदा अडते. अडावी हेच बरे.

याहून फसवी अडचण ‘शेतकऱ्यांची’ या शब्दात दडली आहे. त्यातील अर्धा र टंकित करण्याच्या निरनिराळ्या रीती प्रचलित आहेत. काही कळफलक त्यासाठी स्वतंत्र चिन्ह वापरतात, तर काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी नावे होत. एकाच डिरेक्टरीत ‘शेतकऱ्यांची-यादी’ नावाच्या दोन फायली शेजारी शेजारी दिसू लागल्या तर चेटूक झाले असे समजू नये. दोन माणसांनी दोन कळफलकांवर त्या तयार केल्या आहेत, एवढाच त्याचा अर्थ. कार्यालयात सर्वांनी एकच कळफलक वापरला तर हा घोळ होत नाही. रोमन लिपीत नावे देणाऱ्यांसाठी याचेच भावंड म्हणजे लहान-मोठ्या अक्षरांचा भेद : लिनक्सवर मोठ्या अक्षराने सुरू होणारे नाव आणि लहान अक्षराने सुरू होणारे तेच नाव या दोन स्वतंत्र फायली असतात.

फाइलची प्रत करणारी आज्ञा ‘सीपी’, आणि जागा किंवा नाव बदलणारी ‘एमव्ही’. जागा बदलणे व नाव बदलणे यांसाठी एकच आज्ञा का, हे कळले की डिरेक्टरी म्हणजे काय तेही कळते. डिरेक्टरी ही वस्तुतः एक नोंदवही आहे. तिच्यात फाइलचे नाव आणि मजकूर जेथे आहे तेथवर नेणारा क्रमांक, एवढेच असते. एकाच डिस्कवर फाइल एका डिरेक्टरीतून दुसरीत हलविली, तर मजकूर जागचा हलत नाही. एका वहीतील नोंद खोडून दुसऱ्या वहीत केली जाते. म्हणून कितीही मोठी फाइल क्षणात ‘हलते’. पेन ड्राइव्हवर हलविताना मात्र खरोखरच प्रत करून मग मूळ नोंद खोडावी लागते. त्याला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात पेन ड्राइव्ह उपसून काढणारे महाभाग प्रत्येक कार्यालयात असतात.

एमव्हीचा एक सापळा मात्र नवशिक्यास आवर्जून दाखवावा, तोही सरावाच्या फायलींवर. समजा, तीन महिन्यांचे तीन अहवाल ‘जुने’ नावाच्या डिरेक्टरीत हलवावयाचे आहेत. कारकून पहिल्या अहवालाचे नाव, मग ‘जुने’, असे लिहून एमव्हीची आज्ञा देतो. यंत्र काही बोलत नाही. दुसरा, तिसरा अहवालही तसाच जातो. मात्र ‘जुने’ नावाची डिरेक्टरी त्याने तयारच केलेली नव्हती! पहिल्या आज्ञेने पहिल्या अहवालाचे नाव बदलून ‘जुने’ झाले. दुसऱ्या आज्ञेने दुसरा अहवाल ‘जुने’ झाला आणि पहिला पुसला गेला. तिसऱ्याने दुसरा पुसला. तीन महिन्यांतील एकच महिना उरला आणि पडद्यावर तक्रारीचा एक शब्दही उमटला नाही. उपाय अगदी सोपा आहे. डिरेक्टरीच्या नावापुढे तिरपी रेघ द्यावी, म्हणजे ‘जुने/’ असे लिहावे. तशी डिरेक्टरी नसेल तर आज्ञा अडते आणि तसे सांगते. शिवाय आडवी रेघ व आय हे अक्षर जोडले की जुन्या फाइलवर नवी लिहिण्यापूर्वी यंत्र विचारते. पहिली काही वर्षे ही विचारणा चालू ठेवण्यात कमीपणा मानू नये.

आता पुसण्याची आज्ञा, ‘आरएम’. ती शेवटच्या दिवशी शिकवावी. ही आज्ञा नोंदवहीतील नाव खोडते. त्या मजकुराकडे नेणारे दुसरे नाव कोठे नसेल तर त्याची जागा मोकळी झाल्याचे जाहीर होते आणि नवा मजकूर तेथे लिहिला जाऊ लागतो. चित्रांच्या पडद्यावर असते तशी कचऱ्याची टोपली येथे नसते. डिरेक्टरीसाठी ‘आरएमडीआयआर’ ही सौम्य आज्ञा आहे. डिरेक्टरी रिकामी असेल तरच ती काढली जाते, नाहीतर नकार मिळतो. आरएमला आडवी रेघ व आर जोडले की मात्र डिरेक्टरी, तिच्यातील डिरेक्टऱ्या आणि त्यांतील सारे काही एका दमात जाते. त्यात आणखी एफ जोडले की विचारणाही होत नाही. मूळ तिरप्या रेघेवर ही आज्ञा चालविण्यास लिनक्समधील आरएम आता नकार देते. पण तिच्या खालच्या कोणत्याही पायरीवर ती चालते.

तारकेचे चिन्ह (*) म्हणजे ‘सर्व’. घरपट्टी* असे लिहिले की घरपट्टी या शब्दाने सुरू होणारी सर्व नावे. हा विस्तार आरएम करीत नाही. शेल आधीच तारकेच्या जागी सर्व नावे लिहून ती लांबलचक यादी आरएमच्या हाती देतो. याचा फायदा घेता येतो. जी तारका आरएमपुढे लिहावयाची ती आधी एलएसपुढे लिहून पाहावी. जी नावे दिसतील तीच पुसली जाणार आहेत. घरपट्टी आणि तारका यांच्यात चुकून मोकळी जागा पडली असेल, तर एलएस डिरेक्टरीतील झाडून सारी नावे दाखवील आणि चूक तेथेच उघड होईल. आरएमने ती सारी पुसली असती.

जुन्या फायली पुसण्यासाठी एकाच ओळीत दोन आज्ञा देण्याची पद्धत आहे : आधी सीडीने ‘जुने’मध्ये जा, मग आरएमने सर्व पुसून टाक. नावात एक अक्षर चुकले तर सीडी नकार देते, माणूस होता तेथेच उभा राहतो, आणि अर्धविरामापुढची आरएम इमानेइतबारे चालू डिरेक्टरी रिकामी करते. म्हणून दोन आज्ञांच्या मध्ये अर्धविराम न देता ‘आणि’ची दोन चिन्हे (&&) द्यावीत; मग पहिली आज्ञा यशस्वी झाली तरच दुसरी पाळली जाते.

ही भीती केवळ नवशिक्यांसाठी नाही. गिटलॅब ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या फायली सांभाळणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरा तिचा एक अनुभवी अभियंता अडचणीत आलेली व्यवस्था मार्गावर आणीत होता. दुय्यम सर्व्हरवरील निकामी डिरेक्टरी पुसावयाची म्हणून त्याने आरएमची आज्ञा दिली. एक-दोन सेकंदांत त्याच्या ध्यानी आले की, तो दुय्यम सर्व्हरवर नव्हे, तर मुख्य सर्व्हरवर उभा आहे. त्याने आज्ञा थांबविली तेव्हा सुमारे ३०० गिगाबाइट माहितीपैकी साडेचार गिगाबाइट उरली होती. रोज प्रत घेतली जाते असे सर्वांना वाटत होते. शोध घेता ती घेतलीच जात नसल्याचे आढळले. सुमारे सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली एक प्रत हाती लागली आणि बहुतेक सारे वाचले. त्या सहा तासांतील नोंदी मात्र गेल्या. कंपनीने ही हकीकत स्वतः होऊन तपशिलासह प्रसिद्ध केली, ही तिची थोरवी. पुढे करावयाच्या सुधारणांच्या यादीत एक साधी गोष्ट होती : कोणत्या यंत्रावर काम चालू आहे ते आज्ञा-ओळीच्या आरंभीच्या खुणेतच ठळकपणे दिसावे. आज्ञा अचूक होती, अभियंता जाणता होता. फक्त ‘मी कोठे आहे’ हा प्रश्न त्या घटकेला विचारला गेला नव्हता.

ज्या कचेरीत फेरफाराच्या, दाखल्यांच्या वा विद्यार्थ्यांच्या नोंदी संगणकावर आहेत, तेथे प्रत घेतली जाते की नाही हे महिन्यातून एकदा, ती प्रत दुसऱ्या डिरेक्टरीत उघडून पाहूनच ठरवावे. नोंदवहीत ‘प्रत घेतली’ अशी सही असणे पुरेसे नाही. त्याचप्रमाणे सरावासाठी वेगळी डिरेक्टरी असावी आणि तिच्यात खऱ्या फायलींच्या प्रती ठेवाव्यात, मूळ फायली कदापि नव्हेत.

सराव संपला की ती डिरेक्टरी आरएमडीआयआरने काढण्याचे काम शिकणाऱ्यांनाच द्यावे. आतील फायली एकेक पुसून झाल्यावरही कधी कधी यंत्र नकार देते : डिरेक्टरी रिकामी नाही! एलएस करून पाहावे तर काहीच दिसत नाही. येथे एलएसला आडवी रेघ व ए हे अक्षर जोडावयाचे असते. मग टिंबाने सुरू होणाऱ्या नावाची एखादी फाइल प्रकट होते. अशा फायली दडविण्याची ही सोय मुळात कोणी ठरवून केलेली नव्हती. प्रत्येक डिरेक्टरीत एक टिंब म्हणजे ती स्वतः आणि दोन टिंबे म्हणजे तिच्या वरची, अशा दोन नोंदी असतात. त्या यादीत दिसू नयेत म्हणून आरंभीच्या युनिक्समध्ये एलएसला सांगितले गेले की, टिंबाने सुरू होणारे नाव गाळावे. त्यामुळे टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव गाळले जाऊ लागले, आणि पुढे प्रोग्रॅम आपल्या खासगी नोंदी तेथेच ठेवू लागले. पाइक यांनी ही आरंभीच्या घाईतील चूक होती असेच म्हटले आहे. ती दडलेली फाइल काय आहे ते आधी उघडून वाचावे, मग पुसावी.